हातभर वर जाऊन अडकणारी खाट

दिंडोरी रस्त्यावर आमचे एक द्राक्षबागाईतदार स्नेही आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून फिरत्या घराची कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. शेवटी त्यांनी गाडीमागे जोडता येईल असा एक डबा बांधून घेतला. त्यात ओटा, पाण्याची टाकी, दोन बाके, आणि बाकांच्या वर एक खाट. दिवसा ही खाट छताला टेकलेली असते, म्हणजे खाली उठाबशीला जागा मिळते. रात्री बटण दाबले की ती खाली येते आणि तिच्यावर दोन मुले झोपू शकतात. निदान तसे ठरले होते. प्रत्यक्षात ही खाट खालून निघाली की हातभर वर जाई, तिरकी होई आणि अडकून बसे. मोटर गुरगुरत राही. मग कोणी तरी खालून खांदा लावायचा, कोणी बटण दाबायचे, आणि रडतखडत ती वर न्यायची.

डबा नाशिकच्याच एका वर्कशॉपमध्ये बांधला होता. तेथील फिटरने रुळांना दोनदा ग्रीस लावले, एकदा मोटर बदलून जास्त ताकदीची बसवली. खाट अडकायची तिथेच अडकली. तेव्हा स्नेह्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही काही मोटारदुरुस्तीतले जाणकार नव्हे. पण जास्त ताकदीची मोटर लावूनही वस्तू त्याच जागी अडकते, हे ऐकून आमचे कुतूहल जागे झाले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या कोणालाही ही गोष्ट खटकायला हवी.

प्रथम खाटेची रचना सांगतो. खाट २ मीटर लांब. तिच्या उशाकडच्या बाजूला भिंतीत एक उभा लोखंडी मळसूत्री दांडा, पायथ्याकडे तसाच दुसरा. प्रत्येक दांड्याला खाली एक मोटर. दांडा फिरला की त्यावर बसवलेली नट वर सरकते आणि खाटेची ती बाजू उचलते. खाट हलू नये म्हणून दोन्हीकडे रूळ, आणि त्या रुळांत सरकणारे १० सेंमी लांबीचे प्लॅस्टिकचे ठोकळे. गादीसकट खाटेचे वजन ६० किलोग्रॅम. तळापासून छतापर्यंतची चाल १२० सेंमी, आणि वेळ साधारण २४ सेकंद.

खण का अडकतो?

मोटारीकडे वळण्याआधी घरातल्या जुन्या लाकडी टेबलाचा रुंद खण आठवा. दोन्ही हातांनी दोन्ही मुठी धरून ओढला तर तो सुखाने बाहेर येतो. एकाच कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन घट्ट बसतो, आणि मग जितका जोर लावावा तितका अधिकच बसतो. रेल्वेच्या जुन्या डब्यातील खिडकीचे झडप एका बाजूने उचलणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. येथे जोर का चालत नाही?

समजा, खणाचा जो भाग खोबणीत आहे त्याची लांबी L आहे, आणि आपण मध्यरेषेपासून x अंतरावर F इतक्या बलाने ओढत आहोत. या बलाच्या परिबलामुळे खण फिरू पाहतो. खोबणीच्या दोन टोकांशी त्याला दोन विरुद्ध दिशांची बले रोखतात. प्रत्येकाला N म्हणू. परिबलांचा समतोल साधायचा तर N × L = F × x. म्हणजे N = Fx/L. आता या दोन्ही ठिकाणी घर्षण होते. घर्षणगुणांक μ असेल तर एकूण घर्षण 2μN, म्हणजेच 2μFx/L. खण पुढे सरकायचा तर हे घर्षण F पेक्षा कमी असले पाहिजे. तेव्हा अडकण्याची अट अशी मिळते:

2μx/L ही राशी १ किंवा त्याहून अधिक असणे.

या अटीतून F पार नाहीसा झाला आहे! आपण जोर दुप्पट केला की घर्षणही दुप्पट होते. अडकणे हे जोरावर अवलंबून नाही, केवळ आकारावर आणि घर्षणगुणांकावर अवलंबून आहे. फिटरने बसवलेली जास्त ताकदीची मोटर निरुपयोगी का ठरली, याचे उत्तर येथे आहे.

खणाची रुंदी ७५ सेंमी असेल आणि आपण कोपऱ्याला धरले असेल तर x = ३७.५ सेंमी. लाकडावर लाकडाचा घर्षणगुणांक ०.४ धरला तर L ३० सेंमी होताच खण अडकेल. खण जसजसा बाहेर येतो तसतसा खोबणीतला भाग कमी होत जातो, म्हणून तो सुरुवातीला निमूट येतो आणि शेवटी रुसतो.

आता आपली खाट घ्या. समजा, ती एकाच बाजूने उचलली. x = १०० सेंमी, L = १० सेंमी. मग अडकायला किती घर्षणगुणांक पुरेल? केवळ ०.०५! तेलकट गुळगुळीत प्लॅस्टिकचाही घर्षणगुणांक याहून अधिक असतो. तेव्हा ग्रीस कितीही लावा, एका बाजूने उचललेली ही खाट अडकणारच. ती चालते ती केवळ दोन्ही बाजू बरोबरीने उचलल्या जातात म्हणून.

सुतार लोक याच अडकण्याचा उपयोग करून घेतात. त्यांच्या लांब पट्टीच्या शिकंज्याचा सरकता जबडा पट्टीलगत धरला तर सहज सरकतो. पण दांड्याचा स्क्रू आवळला की जोर पट्टीपासून दूर लागतो, आणि जबडा जागच्या जागी घट्ट बसतो. दाते नाहीत, खिट्टी नाही, केवळ 2μx/L.

वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. काडेपेटीचे बाहेरचे खोके लाकडी फूटपट्टीवर चढवा. खोक्याच्या रुंद बाजूवर आइस्क्रीमची काडी आडवी चिकटवा, अशी की ती एका बाजूला बाहेर येईल. पट्टी उभी धरा आणि काडीवर दोऱ्याने एखादे वजन लटकवा. वजन पट्टीजवळ असेल तर खोके खाली घसरते. ते बाहेर सरकवत गेले की एका जागी खोके थांबते. त्या जागेचे मध्यरेषेपासूनचे अंतर x मोजा, खोक्याची लांबी L मोजा, आणि μ = L/2x काढा. मग वजन दुप्पट करा. खोके हलत नाही, हे पाहून मुलांना जे वाटते ते पाहण्यासारखे असते.

दर वेळी तेवढीच उंची

स्नेह्यांची मुलगी दहावीत आहे. तिने आमच्या आधीच एक मोलाचे काम करून ठेवले होते. खाट अडकली की टेप लावून उंची मोजायची आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. खुणा सगळ्या तळापासून ४० सेंमीच्या आगेमागे होत्या.

नेमकी तेवढीच उंची का? दोन शक्यता दिसत होत्या. एक, रुळाला ४० सेंमीवर पोचा असावा किंवा काही अडथळा असावा. दुसरी, खाट चालताना एक बाजू हळूहळू मागे पडत असावी आणि ४० सेंमी चाल होईतो तो फरक सहनशक्तीपलीकडे जात असावा. पहिल्या शक्यतेत जागा महत्त्वाची, दुसरीत चाल महत्त्वाची. या दोहोंत निवाडा करणारा प्रयोग अवघड नव्हता. मोटारींची जोडणी सोडवून एकेक मोटर स्वतंत्रपणे थोडी थोडी चालवली, आणि खाट ३० सेंमीवर नेऊन टेपने चारी कोपरे सारखे करून घेतले. मग पुन्हा दोन्ही मोटारी जोडून बटण दाबले. ४० ची खूण खाटेने सहज ओलांडली आणि ती अडकली ७० सेंमीच्या जवळ. रूळ निर्दोष होता.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. खाट समतल आहे की नाही हे पाहायला फिटरने पाणसळ काढली होती. पण डबाच जमिनीवर किंचित कलता उभा होता! पाणसळ पृथ्वीला धरून बोलते, आणि खाटेला बरोबरी करायची आहे ती डब्याच्या रुळांशी. म्हणून मोजमाप डब्याच्या तळापासून, रुळालगत करावे.

रुळात आणि ठोकळ्यात मिळून २ मिमी मोकळीक होती. १० सेंमी लांबीच्या ठोकळ्याला २ मिमी मोकळीक म्हणजे तो ०.०२ इतकाच कलू शकतो. २ मीटर लांबीच्या खाटेत हा कल ४ सेंमी होतो. म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा ४ सेंमी मागे पडली की ठोकळे रुळाला तिरके भिडणार, आणि मग वरची अट लागू होणार. ४० सेंमीच्या चालीत ४ सेंमी मागे, म्हणजे एक मोटर दुसरीपेक्षा सुमारे १० टक्के हळू चालत असली पाहिजे. अडकलेली खाट पाहिली तर पायथ्याची बाजू खाली राहिलेली दिसे. मोटारींची अदलाबदल केली तरी पायथ्याचीच बाजू मागे. म्हणजे दोष मोटारीचाही नव्हता.

बारा व्होल्टची गोष्ट

डब्यातील विजेचा पुरवठा १२ व्होल्टच्या बॅटरीचा. ती उशाकडच्या बाकाखाली ठेवलेली. उशाच्या मोटारीला जाण्यायेण्याची मिळून २ मीटर तार लागली. पायथ्याकडची तार मात्र भिंतीतून वर, छतावरून आडवी आणि पुन्हा खाली अशी फिरवलेली. जाण्यायेण्याची मिळून १४ मीटर. दोन्हीकडे १ चौरस मिमी जाडीची तांब्याची तार.

आता हिशोब करू. ६० किलोग्रॅम वजन १.२ मीटर उचलायला ६० × ९.८ × १.२, म्हणजे सुमारे ७०५ ज्यूल ऊर्जा लागते. मळसूत्र, दातेरी चाके आणि मोटर यांतली नासाडी धरली तर बॅटरीतून याच्या चौपट, सुमारे २८०० ज्यूल घ्यावी लागते. (मळसूत्र इतके उधळे का, ते पुढे पाहू.) १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२ × १०० × ३६००, म्हणजे ४३ लाखांहून अधिक ज्यूल असतात. या बॅटरीवर खाट दीड हजार वेळा उचलता येईल! ऊर्जेचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे विद्युतधारेचा. २८०० ज्यूल २४ सेकंदांत म्हणजे सुमारे ११८ वॉट. १२ व्होल्टवर त्यासाठी जवळजवळ १० अँपिअर लागतात. प्रत्येक मोटारीला ५.

तांब्याची १ चौरस मिमी जाडीची १ मीटर तार ०.०१७२ ओहम रोध देते. १४ मीटरचा रोध ०.२४ ओहम. त्यातून ५ अँपिअर धारा गेली की १.२ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. उशाच्या मोटारीची तार २ मीटरची, तेथे ०.१७ व्होल्टच जातात. मोटारीच्या आतल्या वेटोळ्यांचा रोध ०.३ ओहम होता, तेथे दोन्हीकडे १.५ व्होल्ट जातात. उरलेले विभवांतर मोटारीला फिरवते, आणि कायम चुंबकाच्या मोटारीचा वेग या उरलेल्या विभवांतराच्या प्रमाणात असतो. उशाकडे उरतात १०.३ व्होल्ट, पायथ्याकडे ९.३. फरक दहा टक्के! पेन्सिलीच्या खुणांवरून काढलेला फरक आणि तारेच्या लांबीवरून काढलेला फरक जुळला. असे क्षण आमच्या धंद्यात फार वेळा येत नाहीत, म्हणून त्या दिवशी आम्ही स्नेह्यांकडे दोनदा चहा घेतला.

वायरमनला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, याच वायरवर मी घरंच्या घरं उभी केली. आजवर कुणाची तक्रार नाही." त्याचे म्हणणे खरे होते. तेच ११८ वॉट घरातल्या २३० व्होल्टवर घ्यायचे तर धारा अर्धाच अँपिअर लागते. त्याच १४ मीटर तारेत ०.१२ व्होल्ट जातात, आणि २३० पैकी ०.१२ गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. विभवांतर सुमारे १९ पटींनी कमी झाले की तेवढ्याच शक्तीसाठी धारा १९ पट होते, तारेतील घट १९ पट होते, आणि ती घट मुळातच १९ पट लहान राशीतून वजा होते. टक्केवारीने पाहिले तर नुकसान १९ च्या वर्गाइतके, साडेतीनशे पटींहून अधिक वाढते. वायरमनचा हात बरोबर होता. सवय मात्र दुसऱ्या विभवांतराची होती.

आणखी एक बारकावा. ठोकळे रुळाला घासू लागले की दोन्ही मोटारींवरचा भार वाढतो, धारा वाढते. धारा वाढली की लांब तारेतील घट अधिक वाढते. म्हणजे मागे पडलेली बाजू आणखी मागे पडते, तिरकेपणा वाढतो, घर्षण आणखी वाढते. अशा चक्रात शेवटचा भाग फार झटपट घडतो. स्नेही म्हणत, "बरी चाललेली असते आणि एकदम अडते." त्याचे कारण हे.

खाली येताना मात्र खाट कधी अडकत नसे. उतरताना वजन मदतीला येते, या मळसूत्राला चढतीच्या सुमारे एकतृतीयांश जोर पुरतो, धाराही तेवढीच कमी, आणि दोन मोटारींतला फरकही. तळाशी पोचल्यावर प्रत्येक बाजूचा लिमिट स्विच आपापली मोटर बंद करतो. जी बाजू आधी पोचली ती थांबते, दुसरी मागून येऊन टेकते, आणि खाट पुन्हा समतल होते. म्हणून दर वेळी गोष्ट शून्यापासून सुरू होऊन ४० वरच संपे. अनेक उंची बदलणाऱ्या टेबलांच्या व खाटांच्या पुस्तिकेत "तिरकी झाल्यास तळापर्यंत नेऊन बटण काही काळ दाबून धरा" असे लिहिलेले असते, त्यामागचे इंगित हेच.

फ्यूज

तारा बदलण्यासाठी भिंतीची प्लायवुडची फळी काढली तेव्हा जे दिसले त्याने चहाची मजा उतरली. पायथ्याकडे जाणाऱ्या तारेचे वेष्टण बऱ्याच लांबीपर्यंत तपकिरी पडून कडक झाले होते. चौकशी करता कळले की सुरुवातीला प्रत्येक मोटारीला १५ अँपिअरचा फ्यूज होता. खाट अडकली की तो उडे. वारंवार उडतो म्हणून कोणी तरी ३० चा बसवला.

अडकलेली मोटर फिरत नाही, त्यामुळे धारेला रोखायला केवळ रोधच उरतो. पायथ्याकडे मोटारीचे ०.३ आणि तारेचे ०.२४ मिळून ०.५४ ओहम. १२ व्होल्टवर धारा २२ अँपिअर. १५ चा फ्यूज उडणार, ३० चा कधीच उडणार नाही. आणि या २२ अँपिअर धारेने तारेत निर्माण होणारी उष्णता २२ × २२ × ०.२४, म्हणजे सुमारे ११६ वॉट. जुन्या शंभराच्या दिव्याहून अधिक, तीही प्लायवुडच्या फळीमागे, जिथून ती बाहेर पडायला वाट नाही. या फळीला लागून मुलांची गादी होती. फ्यूज मोटारीच्या रक्षणासाठी असतो असा समज सर्रास आढळतो. तो प्रथम तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि त्याचा आकडा तारेची जाडी पाहून ठरवायचा असतो. वितळतारेच्या धड्याच्या वेळी हे उदाहरण शिक्षकांनी जरूर सांगावे.

न घसरणारा आटा

आता मळसूत्राच्या उधळेपणाकडे येऊ. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळून हे आपण वर्गात दाखवतोच. आपल्या दांड्याचा सरासरी व्यास १८ मिमी, आणि एका फेऱ्यात नट ४ मिमी वर जाते. १८ मिमी व्यासाचा परीघ ५६.५ मिमी. म्हणजे ही १४ ला १ अशी चढण झाली. तुलनेसाठी, कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा थळ घाट ३७ ला १ आहे, आणि तेवढ्यासाठी गाड्यांना मागून जादा एंजिने जोडावी लागतात. आपली नट त्याहून अडीच पट खडा घाट चढते.

पण तिला घसरण्याची भीती नाही. चढणीचा कल ०.०७, आणि ग्रीस लावलेल्या धातूंचा घर्षणगुणांक साधारण ०.१५. कल घर्षणगुणांकापेक्षा कमी असला की उतरणीवर ठेवलेली वस्तू आपणहून घसरत नाही. म्हणून मोटर बंद केली, अगदी तार तुटली, तरी खाट होती तिथे राहते. या सुरक्षिततेची किंमत मोजावी लागते. अशा मळसूत्राची कार्यक्षमता गणिताने निम्म्याच्या आतच राहते. आपल्या आकड्यांनी ती ३२ टक्के येते. बाकीची ऊर्जा ज्या घर्षणात जाते तेच घर्षण रात्रभर खाट धरून ठेवते. नासाडी वाचवायची म्हणून गोळ्यांची, फार कमी घर्षणाची मळसूत्रे मिळतात. ती खाटेला लावली तर खाट आपसूक खाली येईल, आणि तिला धरायला वेगळा ब्रेक लागेल. पट्ट्यांवर टांगलेल्या खाटांचीही तीच गत.

रुग्णालयातील खाटा पाहा. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे शल्यविशारद जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी १९०० साली रुग्णाला अर्धवट बसते ठेवण्याची पद्धत मांडली. १९०९ साली विलिस गॅच यांनी त्यासाठी सांध्यांची खाट केली. पायथ्याशी हँडल असलेल्या खाटेला आपल्याकडच्या परिचारिका आजही 'फाउलर' म्हणतात. हँडल फिरवून सोडून दिले तरी रुग्णाची पाठ खाली येत नाही, कारण आत हाच न घसरणारा आटा असतो.

घर्षणावर मात्र आंधळा विश्वास टाकू नये. सतत हादरे बसले की आटे कणाकणाने सरकतात. सायकलच्या मडगार्डचे नट सैल पडतात ते असेच. म्हणून प्रवासात खाट वर असताना चारी कोपऱ्यांत लोखंडी पिना घालायच्या असतात. २०२४ सालच्या जून महिन्यात केरळहून दिल्लीकडे निघालेल्या गाडीत वरचा बाक खाली पडून खालच्या प्रवाशाला जीव गमवावा लागला. बाक मोडलेला नव्हता, त्याची साखळी नीट अडकवलेली नव्हती, असे रेल्वेने सांगितले.

खाली येणारी खाट दुसऱ्या प्रकारेही घातक ठरू शकते. ३० किलोग्रॅमच्या भाराला मोटर ५ अँपिअर घेते. मोटारीचा पीळ धारेच्या प्रमाणात असतो. उशाची मोटर अडली तर तिच्यातून ३६ अँपिअर जातात, म्हणजे सातपट जोर, दोनशे किलोग्रॅमच्या वर. मळसूत्र खाली ढकलतानाही हा जोर लावते. खाली बाकावर मूल बसले असेल तर? म्हणून बटण दाबून धरले तरच चालेल आणि सोडताच थांबेल असे असावे, आणि ते अशा जागी असावे की दाबणाऱ्याला खाटेखालची जागा दिसेल. या डब्यात ते दाराबाहेर होते. ते आत घ्यायला लावले.

दोन टोके, एक दंड

उपाय काय केला? आधी दोन्ही बाजूंना ४ चौरस मिमीच्या तारा टाकल्या. पायथ्याकडची घट ०.३ व्होल्टवर आली, वेगातील फरक अडीच टक्क्यांवर, आणि पूर्ण चालीत मागे पडणे तीन सेंमीवर. ४ सेंमीच्या मर्यादेत खाट आरामात बसली. (मुलीने आणखी एक तोड सुचवली होती. उशाच्या मोटारीलाही तितकीच लांब, बारीक तार लावायची, म्हणजे दोघी सारख्याच हळू! तर्क अचूक आहे. आम्ही तो फ्यूजच्या कारणास्तव नाकारला.)

पण जाड तारेने बरोबरी जवळजवळ साधते, बांधली जात नाही. एका बाजूला गाद्यांची चळत ठेवली की त्या मोटारीवर भार वाढतो आणि ती मागे पडते. म्हणून पुढे फिटरने एक मोटर काढून टाकली आणि दोन मळसूत्रांना एका आडव्या दंडाने जोडले. आता एक फिरले की दुसऱ्याला तितकेच फिरावे लागते. महागड्या खाटांत हेच काम विजेने करतात. प्रत्येक मोटारीचे फेरे मोजायचे आणि पुढे गेलेलीला जरा थांबवायचे.

आडव्या दंडाची युक्ती नाशिककरांना अनोळखी नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की ते दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, हे पाहायला गोदाकाठी गर्दी जमते. धरणांच्या वक्र दरवाजांना दोन्ही कडांना तारदोर असतात. दोन्ही दोर गुंडाळणारे पिंप सहसा एकाच मोटारीने, आडव्या दंडांमार्फत फिरवतात. रुंद दरवाजा एका कडेने आधी उचलला तर तो खणासारखा अडकेल, आणि पुराच्या वेळी खांदा लावायला कोणी जाऊ शकणार नाही.

दंड बसवल्यावर खाट समतल करणे सोपे झाले. खाट तळाला आणायची, तिच्याखाली लाकडी ठोकळे द्यायचे, बॅटरीची तार सोडवायची. मग दंडाच्या जोडाचे बोल्ट ढिले करून मागे पडलेल्या बाजूचे मळसूत्र हाताने फिरवायचे. पाव फेरा म्हणजे १ मिमी. चारी कोपरे टेपने मोजून जोड पुन्हा आवळायचा. शेवटी वरच्या लिमिट स्विचची जागा ठरवायची, ती गादी दाबली जाऊन छताला भिडण्याच्या थोडी अलीकडे. जाड गादी घेतली तर ही जागा बदलावी लागते, आणि कठड्याकडेही पाहावे लागते. दुमजली खाटांच्या अमेरिकेतील नियमात कठडा गादीच्या पृष्ठभागापासून किमान ५ इंच वर हवा असे म्हटले आहे. गादी जाड केली की तेवढा कठडा बुटका होतो.

डबा मार्चमध्ये पहिल्यांदा मुंबईकडे निघाला. निघताना मुलगी चारी पिना हाताने ओढून पाहत होती. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा तिने पुसू दिलेल्या नाहीत.